पवित्र क्रूसाच्या डोंगरातली आगगाडी



सांताक्रूझ म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना मुंबईचे लोकल स्टेशन आठवते. गोव्यातल्या वाचकांना पणजीलगतचे गाव आठवेल. आम्ही आज ज्या सांताक्रूझविषयी लिहितो आहोत ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला आहे. आपल्याकडची नावे पोर्तुगीजांनी ठेवली, ते नाव स्पॅनिश लोकांनी. अर्थ एकच, पवित्र क्रूस. या गावाच्या पाठीशी डोंगर आहेत, डोंगरांत रेडवुडची झाडे आहेत, आणि त्या झाडांमधून एक जुनी वाफेची नॅरो गेज गाडी चालते. लेकीकडे गेलो असताना आम्ही दोघे त्या गाडीत बसलो. परतल्यावर तिथल्या इतिहासाचे थोडे वाचन केले, आणि साधे प्रवासवर्णन लिहायला घेतले होते ते भलतीकडेच वळले.

गाडी सुटते ती फेल्टन गावाजवळच्या रोअरिंग कॅम्पहून. १८४० च्या दशकात आयझॅक ग्रॅहम नावाच्या एका शिकाऱ्याने इथे लाकूड कापायची गिरणी आणि दारूची भट्टी काढली. तिथल्या आरडाओरड्यामुळे हे नाव पडले असे सांगतात. 'गोंगाटाचा मुक्काम' असा त्याचा अर्थ लावता येईल.

रुळांमधले अंतर ३ फूट. बडोद्याच्या वाचकांना डभोईची गाडी आठवली असेल. गायकवाड सरकारची ती लाइन १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढत असत, आणि तिचे रूळ २ फूट ६ इंचांवर होते. ग्वाल्हेर संस्थानची छोटी गाडी तर २ फुटांचीच. आपली मोठी लाइन ५ फूट ६ इंचांची असते. रूळ जवळजवळ असले की गाडीला तीव्र वळणे घेता येतात, डोंगर कमी फोडावा लागतो, पूल हलके चालतात आणि पैसा वाचतो. जगभरच्या डोंगरांत आणि जंगलांत छोट्या गाड्या आल्या त्या मुख्यतः या हिशेबाने. हौसेचा भाग नंतरचा.

इंजिनाचे नाव डिक्सियाना. ते १९१२ मध्ये बांधलेले आहे. 'शे' जातीचे हे इंजिन आपण पाहतो तसे नसते. मिशिगनमधले एक लाकूड व्यापारी एफ्रेम शे यांनी जंगलातून ओंडके काढण्यासाठी ही रचना शोधली आणि १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले. तिचे सिलिंडर उभे असतात आणि ते एकाच बाजूला बसवलेले असतात. त्यांच्यामुळे एक लांब दांडा फिरतो, आणि त्या दांड्यावरची दातेरी चाके गाडीच्या प्रत्येक चाकाला जोर देतात. बाजूने पाहिले तर शिवणयंत्राची आठवण होते. आवाज असा की मेल धडधडत निघाली असे वाटावे, आणि वेग पाहावा तर एखादा धडधाकट माणूस शेजारून पळू शकेल! पण साधे इंजिन जिथे जागच्या जागी घसरेल अशा चढावर हे चढते. ओहायोतल्या लायमा कारखान्याने अशी २,५०० हून अधिक इंजिने बनवली. अमेरिकेची किती जंगले त्यांच्या मागून खाली उतरली असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आज त्यातलेच एक इंजिन लोकांना झाडे दाखवायला नेते.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ही डोंगरावर चढणारी लाइन जुनी नाही. नॉर्मन क्लार्क या गृहस्थांनी १९५८ मध्ये हा उपक्रम हाती घेतला आणि १९६३ मध्ये गाडी सुरू केली. इंजिने जुनी, रूळ नवे. बेअर माउंटन नावाच्या टेकडीपर्यंत जाऊन गाडी परत येते. वाटेत पूर्वी लाकडी खांबांचा एक वळसेदार पूल होता, गाडी त्यावरून गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर चढत असे. १९७६ मध्ये कोणीतरी आग लावली आणि पूल जळाला. मग तिथे दुसरी युक्ती केली. गाडी एका आंधळ्या टोकापर्यंत पुढे जाते, सांधा बदलतो, आणि मग ती उलटी, मागच्या बाजूने, पुढचा चढ चढते. चढ दर १० फुटांना जवळजवळ १ फूट.

हे पाहताना आम्हाला खंडाळा आठवला. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा नेमकी हीच युक्ती तिथे होती. गाडी रिव्हर्सिंग स्टेशनवर जायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी दिशा बदलून निघायची. नवा मार्ग झाला त्या १९२९ पर्यंत असेच चालले. चढ मात्र ३७ फुटांना १ फूट होता. त्या घाटात एका वेळी ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकी, ताप, सुरुंग आणि कोसळणारे कडे यांत हजारोंनी जीव गमावला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे चालवले, हे आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. मजुरांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी कोणी सांगू शकेल का?

नावांचा हा विषय फेल्टनच्या जंगलातही सुटत नाही.

रेडवुड हे झाड पाहिल्याशिवाय कळत नाही. फोटोत ते मावतच नाही. रोअरिंग कॅम्पला लागूनच हेन्री कावेल रेडवुड्स हे सरकारी उद्यान आहे. तिथली सर्वांत उंच झाडे २७० फुटांच्या पुढे गेलेली आहेत, आणि काहींचे वय हजार-दीड हजार वर्षांचे आहे. साल काही ठिकाणी फूटभर जाड असते, त्यामुळे वणवा आतल्या गाभ्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. गंमत म्हणजे एवढ्या झाडाची मुळे खोल नसतात. ती पसरतात, शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात, आणि सगळी मिळून उभी राहतात. उन्हाळ्यात पाऊस नसतो, तेव्हा समुद्रावरून येणारे धुके पानांवर थबकते आणि थेंब थेंब खाली पडते. झाड स्वतःचे पाणी स्वतःच हवेतून उतरवून घेते म्हणा ना.

हे झाड इमारतीला उत्तम. किडत नाही, सरळ चिरते. म्हणून १९ व्या शतकात या डोंगरांवर कुऱ्हाड पडली. शिवाय इथे चुनखडी होती. ती भाजायला भट्ट्या लागत आणि भट्ट्यांना सरपण. हजार वर्षांचे झाड चुन्याच्या भट्टीत! या चुन्याच्या धंद्यातला सर्वांत मोठा माणूस हेन्री कावेल. फेल्टनजवळच्या फॉल क्रीकच्या रानात त्या भट्ट्यांचे अवशेष अजून आहेत.

मग ही थोडी झाडे वाचली कशी? १८६७ मध्ये जोसेफ वेल्च यांनी नदीकाठची ही राई विकत घेतली, आणि कापण्याऐवजी ती लोकांना दाखवून पैसे मिळवायचे ठरवले. हॉटेल काढले, प्रवेशाला पैसे ठेवले. १९०० मध्ये अँड्र्यू हिल हे चित्रकार-छायाचित्रकार एका इंग्रजी मासिकासाठी फोटो काढायला आले (मासिकाला हवी होती ती वाइन ओतून विझवलेल्या एका वणव्याची बातमी, पण ते असो). फोटो काढल्याबद्दल त्यांच्याकडून काचा मागण्यात आल्या. हिल संतापले. देवाची ही झाडे कोणा एकाची कशी, या रागातून त्याच वर्षी त्यांनी मित्रांसह सेंपरव्हायरन्स क्लब काढला, आणि त्या खटपटीतून १९०२ मध्ये जवळच्या बिग बेसिनचे जंगल सरकारने राखले. म्हणजे वेल्च यांच्या धंद्यामुळे एक राई वाचली, आणि त्या धंद्याच्या रागामुळे दुसरे जंगल वाचले. वेल्च यांची राई १९३० मध्ये काउंटीने घेतली. १९५४ मध्ये हेन्री कावेल यांचे चिरंजीव सॅम्युएल यांनी आजूबाजूची सुमारे १,६०० एकर जमीन दिली, अट एवढीच की उद्यानाला वडिलांचे नाव असावे. ज्यांच्या भट्ट्यांनी डोंगर खाल्ला त्यांचेच नाव आज जंगलाच्या फाटकावर आहे. आम्ही हे कुत्सितपणे लिहीत नाही. मुलाने दान दिले, झाडे उभी आहेत, त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. पण दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या पाहिजेत.

राईतल्या मोठ्या झाडांनाही नावे आहेत. जनरल, राष्ट्राध्यक्ष वगैरे. एका पोकळ बुंध्याच्या झाडाला जॉन फ्रीमाँट यांचे नाव आहे. १८४६ मध्ये हे लष्करी अधिकारी त्या झाडाच्या पोटात मुक्कामाला राहिले अशी कथा आहे. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात सॅक्रामेंटो नदीच्या काठी त्यांच्या तुकडीने तिथल्या मूळ रहिवाशांची कत्तल केली, ही मात्र कथा नव्हे. १९०३ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट राईत आले. लोकांनी झाडांच्या बुंध्यांवर आपापली भेटकार्डे ठोकून ठेवली होती. रूझवेल्ट यांना ते मुळीच आवडले नाही. एवढ्या गंभीर जागी ही चिठ्ठ्यांची जत्रा कशाला, अशा अर्थाचे ते बोलले आणि कार्डे काढायला सांगितली. आम्हाला हा माणूस तेवढ्यापुरता फार जवळचा वाटला. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनाही वाटेल.

झाडांखाली आधी कोण राहत होते? गावाला 'पवित्र क्रूस' हे नाव मिळाले ते १७९१ मध्ये, फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी तिथे मिशन स्थापले तेव्हा. फेल्टनच्या ओढ्याला आजही झायांते म्हणतात, ते या खोऱ्यातल्या मूळ लोकांच्या सायांते या नावावरून. त्यांना मिशनमध्ये आणले गेले, बाप्तिस्मा दिला, स्पॅनिश नावे दिली. ती नावे मिशनच्या नोंदवह्यांत आहेत. बाप्तिस्म्याची नोंद आणि पुढे मृत्यूची नोंद. युरोपातून आलेले आजार, कोंडलेली वस्ती आणि सक्तीची मेहनत यांत फार माणसे गेली. मिशनऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत असे आपण नेहमी म्हणतो, आम्हीही म्हणतो. दवाखाने, शाळा, मराठी शास्त्र, कशाकशाचे नाव घ्यावे! पण प्रत्येक मिशनचा इतिहास आपल्या मिशनसारखाच असेल असे धरून चालणे बरोबर नाही. क्रूस रोवला म्हणजे त्या जागी प्रभूच्या मनासारखेच घडले असे नव्हे.

आता त्या डोंगरातल्या जुन्या रेल्वेकडे येऊ. रोअरिंग कॅम्पची टेकडीवरची लाइन नवी, पण तिच्या पायथ्याशी एक खरोखरीची जुनी लाइन आहे. १८७५ मध्ये फेल्टन ते सांताक्रूझ अशी छोटी गाडी सुरू झाली, लाकूड आणि चुना बंदरापर्यंत नेण्यासाठी. मग साउथ पॅसिफिक कोस्ट नावाच्या कंपनीने तिला जोडून घेऊन सॅन फ्रान्सिस्को उपसागरापासून डोंगर ओलांडत सांताक्रूझपर्यंत ३ फुटी लाइन न्यायचे ठरवले. चांदीच्या खाणींत श्रीमंत झालेले जेम्स फेअर यांचा पैसा त्यामागे होता. काम १८८० मध्ये पुरे झाले. मध्ये डोंगराचा माथा होता, आणि त्याच्या पोटातून सुमारे ६,२०० फुटांचा बोगदा खणायचा होता. दोन किलोमीटरला थोडा कमी.

तो बोगदा खणला चिनी मजुरांनी. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँगकडून आलेली ही माणसे कॅलिफोर्नियात रेल्वे बांधत, शेते उपसत, कपडे धूत. सांताक्रूझच्या डोंगरात खडकातून तेल पाझरत होते आणि त्याबरोबर ज्वालाग्राही वायू. उघड्या दिव्यांवर काम, सुरुंगाची दारू, आणि कोंडलेली हवा. १८७९ च्या फेब्रुवारीत एक स्फोट झाला, त्यात माणसे गेली. काम थांबले नाही. १७ नोव्हेंबर १८७९ च्या रात्री बोगद्याच्या टोकाशी वायू पेटला. आत पाळी चालू होती. आवाज ऐकून बाहेरच्या छावणीतले चिनी मजूर आपल्या माणसांना काढायला बोगद्यात धावले. ते आत असताना दुसरा स्फोट झाला. त्या रात्री ३० हून अधिक चिनी मजूर मेले.

हा मजकूर वाचताना आम्ही दुसऱ्या स्फोटाशी थांबलो. पहिल्या स्फोटात मेलेले पगारासाठी आत गेले होते. दुसऱ्यात मेलेल्यांना आत जायची काही गरज नव्हती. धूर पाहून, फेब्रुवारीत काय झाले ते ठाऊक असूनही, ते धावले. त्यांच्यात कोणी भाऊ असेल, कोणी एका गावचा. मित्रासाठी जीव देण्याहून मोठी प्रीती नाही हे आपण प्रत्येक शुभ शुक्रवारी ऐकतो. त्या माणसांपैकी बहुतेकांनी ते कधी ऐकलेही नसेल, तरी ते आत गेले.

त्यानंतर मजुरांनी त्या तोंडाने आत जायला नकार दिला, आणि कंपनीला दुसरे खाणकामगार आणावे लागले. बोगदा पुरा झाला. गाड्या धावल्या. सॅन फ्रान्सिस्कोचे लोक सुटीला समुद्रावर आणि रेडवुडच्या राईत सहलीला येऊ लागले. रविवारच्या शाळांच्या सहली त्या काळी अमेरिकेत सर्रास निघत, त्यामुळे गाणी म्हणत त्या अंधारातून गेलेली मुले आम्हाला सहज डोळ्यांपुढे आणता येतात.

त्याच १८७९ साली, स्फोटाच्या काही महिने आधी, कॅलिफोर्नियाच्या जनतेने नवे संविधान मंजूर केले होते. त्यात कलम होते की कोणत्याही कंपनीने चिनी माणसाला कामावर ठेवू नये. पुढच्या वर्षी न्यायालयाने ते रद्द ठरवले. पण १८८२ मध्ये सबंध देशाने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले. तो कायदा १९४३ पर्यंत टिकला, आणि त्याबद्दल अमेरिकन काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी खेद व्यक्त केला तो २०११ आणि २०१२ मध्ये. कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत चर्चला जाणारे पुष्कळ होते. विरोधात उभे राहणारे थोडे होते, त्यांत काही पाळक आणि मिशनरीही होते, हे नोंदवले पाहिजे.

शलमोनाने मंदिर बांधले तेव्हा लबानोनचे गंधसरू तोडून आणवले, हे शब्बाथशाळेत आपण सर्वांनी शिकले आहे. सोराच्या हिराम राजाचे नाव आपल्याला पाठ आहे. पण १ राजे पाचव्या अध्यायात त्याच कामाचा दुसरा हिशेब आहे तो सहसा वाचला जात नाही. ३०,००० वेठीचे मजूर, त्यांतले १०,००० आळीपाळीने महिनाभर लबानोनात. ७०,००० ओझेवाले. ८०,००० पाथरवट डोंगरात. वेठीवरचा मुकादम अदोनीराम. पुढे बाराव्या अध्यायात शलमोनाच्या मुलाने, रहबामाने, जू हलके करायला नकार दिला. त्याने वेठीवरच्या अधिकाऱ्याला लोकांकडे पाठवले तेव्हा लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले आणि राज्य फुटले. शास्त्र मंदिराचे सोने मोजते, तसे मजूरही मोजते. मंदिर देवाचे होते म्हणून वेठ चांगली झाली असे ते कुठे म्हणत नाही. आपल्या मंडळ्यांच्या जुन्या इमारतींवर कोनशिला कोणी बसवली ते संगमरवरावर कोरलेले असते. दगड कोणी वाहिले ते विचारायला आता सांगणारी पिढीही फारशी उरलेली नाही. जिथे उरली आहे तिथे या वर्षी विचारून लिहून ठेवावे, असे आम्ही पाळकसाहेबांना सुचवले आहे.

टेकडीच्या माथ्यावर गाडी थांबली तेव्हा आम्ही उतरून झाडांत फिरलो. रेडवुड कापले की त्याच्या बुंध्याभोवती धुमारे फुटतात आणि शे-दीडशे वर्षांत मोठ्या झाडांचे एक कडे तयार होते. मध्ये मूळ झाडाचा कुजलेला बुंधा, किंवा नुसती रिकामी जागा. तिकडे अशा कड्याला कॅथीड्रल म्हणायची पद्धत आहे, आणि आत उभे राहिल्यावर ते पटते. २०२० च्या ऑगस्टमध्ये विजा पडून लागलेल्या वणव्यात बिग बेसिन जवळजवळ सगळे होरपळले. काही महिन्यांत त्याच काळ्या खोडांवर हिरवे तुरे दिसू लागले. ईयोबाला हे ठाऊक होते. तोडलेल्या झाडाला आशा असते असे तो म्हणतो, आणि लगेच देवाला विचारतो की माणसाचे काय. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे रिकाम्या कबरेत आहे असे आपण मानतो. पण बोगद्यातल्या त्या रात्रीबद्दल बोलताना ते उत्तर घाईने देऊ नये असे आम्हाला वाटते. ईयोबाच्या मित्रांनी घाईच केली होती.

डोंगरमाथ्याचा बोगदा आता बंद आहे. १९०६ च्या भूकंपात तो मोडला, दुरुस्त झाला, रूळ रुंद झाले, मग १९४० मध्ये वादळाने लाइन वाहून गेली आणि कंपनीने ती सोडून दिली. पुढे बोगद्यांची तोंडे सुरुंगाने बुजवली. खालची फेल्टन ते सांताक्रूझ लाइन मात्र टिकली. रोअरिंग कॅम्पहून सुटणारी दुसरी गाडी, मोठ्या रुळांची, त्याच वाटेने समुद्रापर्यंत जाते. गावात शिरताना ती एका छोट्या बोगद्यातून जाते. वर मिशनची टेकडी आहे, जिथे आज पवित्र क्रूसाचे चर्च उभे आहे. अंधार थोडाच वेळ टिकतो.

सांताक्रूझच्या एव्हरग्रीन कब्रस्तानात चिनी लोकांसाठी एक वेगळा भाग होता. परदेशात मेलेल्याची हाडे काही वर्षांनी काढून मायदेशी, वाडवडिलांजवळ पाठवायची त्यांची रीत होती, त्यामुळे बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. लेकीने फुले घेतली होती. एकेका कबरीसाठी घेतलेली नव्हती, म्हणून आम्ही ती चढणीच्या सुरुवातीला एकत्रच ठेवली, आणि तिघांनी मराठीत प्रभूची प्रार्थना म्हटली.